गुळवेल : औषधी परिणाम व सुरक्षितता

गुळवेल : (अमृतवेल, हिं. गिलोय, गु. गळो, क. अमृतबळ्ळी, सं. गुडूची, अमृता, छिन्नरुहा, लॅ. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, कुल–मेनिस्पर्मेसी). ही मोठी, पानझडी व मांसल खोडाची वेल भारताच्या उष्ण प्रदेशात सर्वत्र, तसेच श्रीलंका व म्यानमार येथे आढळते. कोकणात ती कुंपणांवर, आंब्याच्या व कडुनिंबाच्या झाडांवर आणि रानाच्या कडेने सहज वाढते. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी, शहापूर व लगतच्या तालुक्यांतील ग्रामीण व आदिवासी लोकांना ती चांगली परिचित आहे. आयुर्वेदात हिला फार प्राचीन काळापासून मानाचे स्थान आहे. २०२० मध्ये कोविड-१९ ची साथ आल्यावर ही वेल वैद्याच्या औषधालयातून निघून घरोघरी नित्य घेण्याचे पूरक बनली. त्यानंतर काही महिन्यांतच तिच्या सेवनाने यकृताला इजा झाल्याचे वृत्तान्त मुंबईतून प्रसिद्ध झाले. त्यामुळे तिची परिणामकारकता किती व सुरक्षितता कोणत्या मर्यादेपर्यंत, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांपुरता राहिला नाही. प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार केला आहे.

वर्णन : खोड हिरवट, मांसल व लांब असून त्यावरील साल करड्या रंगाची, कागदासारखी पातळ व सहज सुटणारी असते. साल खरवडली असता खाली हिरवा थर दिसतो. खोडावर वल्करंध्रे स्पष्ट असतात व फांद्यांपासून दोऱ्यांसारखी वायवी मुळे खाली लोंबतात. पाने साधी, एकाआड एक, हृदयाकृती, गुळगुळीत व लांब देठाची. फुले लहान, पिवळट हिरवी व एकलिंगी असून नर-फुले व स्त्री-फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. फळे अश्मगर्भी (आठळीयुक्त), वाटाण्याएवढी, गोल व पिकल्यावर लाल होतात. खोडाचा आडवा छेद घेतल्यास काष्ठाचे पाचरीसारखे भाग चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मांडलेले दिसतात. ‘चक्रलक्षणिका’ हे संस्कृत नाव त्यावरून पडले आहे. तोडलेला तुकडाही पुन्हा फुटतो म्हणून ‘छिन्नरुहा’ व सहसा मरत नाही म्हणून ‘अमृता’ ही नावे प्रचारात आली.

पारंपरिक उपयोग : चरकसंहितेत वयःस्थापन गणात व बुद्धिवर्धक (मेध्य) रसायनांत गुडूचीचा समावेश आहे. जीर्णज्वर, वातरक्त, त्वचाविकार, प्रमेह इ. विकारांत ती दिली जाते. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कामला म्हणजे कावीळ या विकारावरही तिचा रस मधाबरोबर देण्यास सांगितले आहे. अमृतारिष्ट, संशमनी वटी, अमृता गुग्गुळ, गुळवेल सत्त्व हे तिचे प्रसिद्ध कल्प होत. भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशात खोडाच्या चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅ. व काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅ. दिली आहे. कडुनिंबावर चढलेली वेल अधिक गुणकारी मानण्याचा प्रघात आहे.

निरनिराळ्या कल्पांतील द्रव्य एकसारखे नसते, हे सामान्य ग्राहकाच्या सहसा ध्यानात येत नाही. खोड कुटून रात्रभर पाण्यात भिजवून तळाशी बसणारा पांढरा साका वाळविला की सत्त्व मिळते. ते मुख्यतः स्टार्च असून त्यात कडू घटक अल्पच उतरतात. घनवटी मात्र काढा आटवून घट्ट झालेल्या अर्काची असते. दहा ग्रॅम कोरड्या खोडापासून साधारणतः एक ग्रॅमच्या आसपास घन मिळतो असे धरले, तर ५०० मिग्रॅ. ची एक गोळी सुमारे पाच ग्रॅम खोडाच्या बरोबरीची ठरते. ५०० मिग्रॅ. चूर्ण व ५०० मिग्रॅ. घन यांना समान मानणे म्हणून चुकीचे होय. आधुनिक संपुटांत (कॅप्सूलमध्ये) पाणी व अल्कोहॉल यांच्या मिश्रणाने काढलेले अर्क असतात आणि त्यांचे संघटन पारंपरिक काढ्याहून वेगळे असू शकते.

रासायनिक घटक : खोडात बर्बेरीन, पामॅटीन, मॅग्नोफ्लोरीन इ. अल्कलॉइडे, टिनोस्पोराइड, कोलंबीन इ. कडू डायटर्पिनॉइडे, कॉर्डिफोलिओसाइड, सिरिंजीन, टिनोकॉर्डिसाइड इ. ग्लायकोसाइडे आणि बहुशर्करा (पॉलिसॅकॅराइडे) असतात. यांतील काही घटक, विशेषतः बहुशर्करा, शरीरातील भक्षिकोशिकांना (सूक्ष्मजंतू गिळणाऱ्या पांढऱ्या कोशिकांना) व इतर प्रतिकारकोशिकांना चेतना देतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. तुर्भे (मुंबई) येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘जी१-४ए’ नावाच्या अशा बहुशर्करेवर बरेच कार्य झाले आहे. गुळवेलीच्या गुणांचा व तिच्याविषयीच्या शंकेचा, असा दोहोंचा धागा या प्रतिकारचेतक क्रियेपाशी येऊन मिळतो.

परिणामकारकता : गुळवेलीच्या आधुनिक अभ्यासात महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात व के. ई. एम. रुग्णालयात शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या काळात या वनस्पतीवर प्राण्यांत व रुग्णांत प्रयोग केले. पित्तमार्ग अडल्यामुळे कावीळ झालेल्या रुग्णांची रोगप्रतिकारक्षमता खालावते व शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाने मृत्यू ओढवतो, या अडचणीवर उपाय म्हणून त्यांनी ३० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार व दुसऱ्याला त्यांबरोबर शरीराच्या दर किग्रॅ. वजनास रोज १६ मिग्रॅ. गुळवेल अर्क देण्यात आला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नेहमीचे उपचार घेतलेल्या गटातील निम्म्या रुग्णांत जंतुविषरक्ततेची (सेप्टिसीमियाची) लक्षणे दिसली, तर गुळवेल घेतलेल्या गटात ती कोणातही दिसली नाहीत. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचे प्रमाण अनुक्रमे ४० टक्के व ९२.४ टक्के आढळले. दोन्ही गटांतील यकृताचे कार्य मात्र सारखेच राहिले; म्हणजे लाभ झाला तो यकृत सुधारल्यामुळे नव्हे, तर पांढऱ्या कोशिकांची जंतू मारण्याची शक्ती पूर्ववत झाल्यामुळे, असे अनुमान संशोधकांनी काढले.

नागपूर येथे अधिहर्षताजन्य नासाशोथ (ॲलर्जीमुळे होणारी नाकाची दाहयुक्त सूज) असलेल्या ७५ रुग्णांवर आठ आठवडे केलेला दुसरा महत्त्वाचा प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणाला औषध व कोणाला छद्मौषध (औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी) दिले, हे रुग्णास वा वैद्यास ठाऊक नव्हते. गुळवेल घेतलेल्यांपैकी ८३ टक्के रुग्णांच्या शिंका पूर्णपणे थांबल्या. छद्मौषध घेतलेल्यांपैकी ७९ टक्क्यांना शिंकांपासून काहीच आराम पडला नाही.

हे निष्कर्ष आशादायक असले, तरी त्यांची मर्यादा ओळखली पाहिजे. ३० किंवा ७५ रुग्णांच्या प्रयोगात योगायोगाचा भाग मोठा असू शकतो. असे प्रयोग इतरत्र, अधिक संख्येने व स्वतंत्रपणे करून तोच निष्कर्ष निघाल्यावाचून औषधाचा गुण सिद्ध झाला असे मानीत नाहीत. गुळवेलीच्या बाबतीत अशी पुनरावृत्ती पुरेशी झालेली नाही. शिवाय हे प्रयोग विशिष्ट विकार असलेल्या रुग्णांवरील आहेत. निरोगी माणसाने गुळवेल घेतल्यास त्याला साथीचा रोग होणार नाही, असा निष्कर्ष त्यांतून निघत नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढते’ हे विधानही ढोबळ आहे. रोगप्रतिकार ही एकच शक्ती नसून परस्परांना आवर घालणाऱ्या अनेक क्रियांची ती जुळणी असते. तीतील एक क्रिया वाढली म्हणजे आरोग्य वाढलेच असे नव्हे. सर्दीपडशासारखे विकार काही दिवसांत आपोआप बरे होतात व त्या काळात घेतलेल्या कोणत्याही काढ्याला श्रेय मिळते. म्हणून ‘मला गुण आला’ हा वैयक्तिक अनुभव कितीही प्रामाणिक असला, तरी तुलनागट असलेल्या प्रयोगाची जागा घेऊ शकत नाही.

साथीच्या काळातील वापर : केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनांत संशमनी वटी व गुडूची घनवटी यांचा समावेश होता. ऑक्टोबर २०२० मधील राष्ट्रीय चिकित्सा-संहितेत कोविड-१९ च्या प्रतिबंधासाठी गुडूची घन ५०० मिग्रॅ. किंवा चूर्ण १ ते ३ ग्रॅ., तेही पंधरा दिवस ते एक महिना इतक्या मर्यादित मुदतीसाठी, सांगितले होते. प्रत्यक्षात मात्र लोकांनी ते अनेक महिने, वैद्याच्या देखरेखीवाचून व पुष्कळदा इतर काढ्यांच्या जोडीने घेतले. काहींनी बाजारातील गोळ्या व रस, तर काहींनी अंगणातील वा शेजारच्या वेलीच्या कांड्या उकळून घेतल्या. यात रोजची मात्रा पारंपरिक मर्यादेबाहेर गेलीच असे नाही. बदलली ती मुदत, निगराणी व घेणाऱ्यांची निवड. वैद्य एखाद्या रुग्णाची प्रकृती पाहून औषध देतो. येथे सर्व प्रकृतींच्या, सर्व वयांच्या व इतर रोग अंगी असलेल्या माणसांनी एकच द्रव्य एकाच वेळी घेतले.

यकृतविकाराचे वृत्तान्त : सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतील यकृतरोगतज्ञांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. विषाणुजन्य काविळीच्या चाचण्या नकारात्मक होत्या व गुळवेलीचे सेवन हा सर्वांमधील समान दुवा होता. त्यांत मध्यमवयीन स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. काहींना अवटुग्रंथीचा (थायरॉइडचा) विकार किंवा मधुमेह आधीपासून होता. जीवोतकपरीक्षेत (यकृताचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) आत्मप्रतिरक्षित यकृतशोथाशी, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटण्याच्या विकाराशी, मिळतीजुळती चिन्हे आढळली. बहुतेक रुग्ण सेवन थांबविल्यावर सुधारले. आधीचा यकृत सूत्रणरोग (सिऱ्होसिस) असलेला एक रुग्ण दगावला. हा वृत्तान्त २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

पाठोपाठ २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांमधील ४३ रुग्णांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. सेवनास प्रारंभ केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता. काही रुग्णांत तीव्र यकृतशोथ, काहींत पूर्वीच्या दीर्घकालीन यकृतरोगाची एकाएकी वाढ व थोड्यांत यकृतनिष्फलता असे तीन प्रकार दिसले. दोन्ही अभ्यासांतील साम्य लक्षणीय आहे : एक ते तीन महिन्यांचा विलंब, आत्मप्रतिरक्षित रोगासारखी चिन्हे व आधीचा आत्मप्रतिरक्षित किंवा यकृताचा विकार असणाऱ्यांत अधिक धोका. यावरून गुळवेल हे सरळ यकृतविष नसून, अंगात सुप्त असलेली आत्मप्रतिरक्षित प्रवृत्ती ती उघडी पाडते किंवा प्रज्वलित करते, असा तर्क मांडला जातो. तिचे प्रतिकारचेतक गुण लक्षात घेता तो सुसंगत आहे. तथापि तो अद्याप तर्कच आहे.

वादाचे स्वरूप : आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये व पुन्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये निवेदने काढून गुळवेलीचा यकृताच्या इजेशी जोडलेला संबंध दिशाभूल करणारा असल्याचे म्हटले. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची पुरेशी ओळख पटविली नव्हती, ती गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जाती असू शकेल, आणि शतकानुशतकांचा वापर तिच्या सुरक्षिततेची साक्ष देतो, असे आक्षेपांचे स्वरूप होते. यांतील पहिला आक्षेप पद्धतशास्त्राच्या दृष्टीने रास्त होता. औषधामुळेच इजा झाली काय हे ठरविण्यासाठी सेवन व लक्षणे यांतील काळ, सेवन थांबविल्यावर होणारी सुधारणा, इतर कारणांचे निरसन इत्यादींना गुण देऊन संभाव्यता काढतात. परंतु रुग्णाने नेमके काय घेतले हेच संदिग्ध असेल, तर गुणांकन कितीही काटेकोर असले तरी पाया कच्चा राहतो.

दीर्घ परंपरेचा युक्तिवाद मात्र अंशतःच खरा आहे. ज्या द्रव्याने लगेच व वारंवार अपाय होतो ते परंपरा निश्चितपणे टाकून देते. परंतु दहा हजारांत एखाद्याला व तोही दीड महिन्याने होणारा अपाय कोणाही एका वैद्याच्या अनुभवात बहुधा येत नाही आणि आला तरी त्याचा संबंध औषधाशी जोडला जात नाही; विशेषतः ते औषध काविळीवरही दिले जात असेल तर नाहीच नाही. हाच नियम आधुनिक प्रयोगांनाही लागू पडतो. ३०० जणांना औषध देऊन एकालाही अपाय झाला नाही, तरी शंभरात एक इतके अपायाचे प्रमाण नाकारता येत नाही, असे संख्याशास्त्र सांगते. म्हणून ७५ रुग्णांचा निर्वेध प्रयोग हा सुरक्षिततेचा पुरावा होत नाही. उलट बाजूनेही सावधगिरी हवी. साथीच्या काळात गुळवेल घेणाऱ्यांची संख्या प्रचंड होती. त्या मानाने नोंदलेले रुग्ण थोडे आहेत. अपाय विरळ आहे असे यावरून म्हणता येते. पण एकूण किती जणांनी घेतले व किती रुग्ण नोंदीबाहेर राहिले हे मोजलेले नसल्यामुळे त्याचा दर काढता येत नाही.

असा वाद गुळवेलीपुरताच नाही. पॅसिफिक बेटांवर पिढ्यान्पिढ्या पेय म्हणून वापरल्या जाणाऱ्या कावा या वनस्पतीचे अर्क यूरोपात गोळ्यांच्या रूपाने विकले जाऊ लागल्यावर यकृतविकाराचे वृत्तान्त आले व जर्मनीने २००२ मध्ये त्यांचे परवाने रद्द केले. २०१४ मध्ये तेथील न्यायालयाने ही बंदी अयोग्य ठरविली. तेथेही मूळ जाती, वनस्पतीचा वापरलेला भाग व अर्क काढण्याची रीत हेच वादाचे मुद्दे होते.

ओळख व भेसळ : गुळवेलीशी गल्लत होण्याजोगी मुख्य जाती म्हणजे टिनोस्पोरा क्रिस्पा ही होय. ती आग्नेय आशियात सामान्य असून तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याचे वृत्तान्त पूर्वीपासून आहेत. आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दोहोंतील भेद प्रसृत केले. खऱ्या गुळवेलीचे खोड हिरवट व गाठींविरहित असून कापल्यावर दुधी स्राव येत नाही, पाकळ्या सहा असतात व फळे गोल आणि लाल असतात. क्रिस्पाचे खोड करड्या रंगाचे व बारीक गाठींनी भरलेले असते, कापल्यावर दुधी स्राव येतो, पाकळ्या तीन असतात व फळे लांबट आणि नारिंगी असतात. टिनोस्पोरा सायनेन्सिस या तिसऱ्या जातीची पाने लवदार असतात. हे भेद ताज्या वेलीवर पाहता येतात; वाळलेल्या तुकड्यांत ते अवघड होतात आणि चूर्ण, रस किंवा गोळी यांत उघड्या डोळ्यांनी मुळीच दिसत नाहीत. तेथे सूक्ष्मदर्शकी व रासायनिक परीक्षा आणि जनुकीय ओळख यांचाच आधार घ्यावा लागतो. सर्व अपाय क्रिस्पामुळे झाला असे मानण्यालाही आधार नाही. बहुकेंद्री अभ्यासात रुग्णांकडून मिळविलेल्या काही नमुन्यांची तपासणी होऊन ते खऱ्या गुळवेलीचेच असल्याचे आढळले होते.

पुरवठा व साठवण : वेलीपासून बाटलीपर्यंतची साखळी समजून घेण्यास ठाणे जिल्हा सोयीचा आहे. शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांच्या संस्थेने वनधन योजनेच्या साहाय्याने रानातील गुळवेल तोडून, तुकडे करून व वाळवून विकण्याचा व्यवसाय उभा केला; साथीच्या काळात तिला मोठ्या औषध कंपन्यांकडून सुमारे दीड कोटी रुपयांच्या मागण्या मिळाल्या. कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष दुर्बल मानलेल्या आदिवासी जमातींपैकी एक असून वीटभट्ट्यांवरील स्थलांतरित मजुरी हा तिच्या उपजीविकेचा एक मार्ग राहिला आहे. अशा कुटुंबांना गुळवेलीने गावातच रोजगार दिला. वनस्पतीची अचूक पारख हा या व्यवसायाचा पाया होय. ग्राहकाच्या सुरक्षिततेचा पहिला पहारेकरी प्रयोगशाळेतील रसायनज्ञ नसून रानात वेल तोडणारा माणूसच असतो. संग्राहकाने वेल समूळ न उपटता खोडाचा काही भाग राखला, तर ‘छिन्नरुहा’ पुन्हा वाढते.

याच महामार्गावर मुंबईच्या बाजूला असलेली भिवंडी एकेकाळी केवळ यंत्रमागांसाठी प्रसिद्ध होती. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर असल्यामुळे काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली या परिसरात गुदामे वाढली आणि २०१७ मध्ये जकात संपल्यावरही ती वाढतच राहिली. औषधे, अन्नपूरके व टपालाने घरपोच मागविलेला माल यांच्या साठवणीचे भिवंडी हे आज देशातील एक प्रमुख केंद्र आहे. रानातील वेल व शहरातील बाटली यांमधला हा टप्पा सहसा दुर्लक्षिला जातो. वाळविलेली गुळवेल आर्द्रता शोषून घेते आणि कोकणातील पावसाळ्याची हवा दमट असते. अशा मालावर बुरशी धरल्यास अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण होऊ शकते व ते स्वतःच यकृताला घातक आहे. आयुर्वेदीय औषधिकोशाने वनौषधींतील जड धातूंवरही मर्यादा घातल्या आहेत : दशलक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग. गुदामात एकाच छताखाली अनेक कंपन्यांचा माल असतो. तेव्हा बाटलीवरील उत्पादनगट क्रमांक (बॅच क्रमांक) हाच तिला मूळ मालाशी जोडणारा दुवा ठरतो. एखाद्या रुग्णाला अपाय झाल्यास त्या क्रमांकावाचून शोध पुढे सरकत नाही.

नियमन : भारतात आयुर्वेदीय औषधांचे नियंत्रण औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० यानुसार होते, त्यांच्यासाठीची स्वतंत्र तरतूद १९६४ मध्ये जोडली गेली. ग्रंथोक्त औषधे व मालकी (पेटंट) औषधे असे दोन वर्ग असून २०१० मध्ये आलेल्या नियम १५८-बी नुसार परवान्यासाठी सुरक्षितता व परिणामकारकता यांचा कोणता पुरावा द्यावा, हे वर्गानुसार ठरते. ग्रंथोक्त औषधांना त्यांच्या परंपरेच्या आधारावर मोठी सूट आहे. तीच वनस्पती आरोग्यपूरक म्हणून विकली गेल्यास अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ व त्याखालील २०१६ चे विनियम लागू पडतात. एकाच दुकानात शेजारी ठेवलेल्या दोन बाटल्या अशा रीतीने दोन निराळ्या कायद्यांखाली येऊ शकतात; परवाना क्रमांकाचे स्वरूप पाहिल्यावाचून ग्राहकास हे कळत नाही. रोग बरे करण्याच्या अतिरंजित जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने आळा घातला आहे. राज्यात या कायद्यांच्या अंमलबजावणीत अन्न व औषध प्रशासनाचा वाटा मुख्य असतो. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्याची देशव्यापी योजना २०१७-१८ पासून सुरू झाली असून नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्था तिचे समन्वयन करते. मात्र अशी यंत्रणा वैद्य, डॉक्टर व रुग्ण यांनी कळविलेल्या माहितीवरच चालते. ‘झाडपाल्याच्या’ औषधाचा उल्लेख रुग्ण डॉक्टरपाशी करीतच नाहीत, ही तिची मोठी अडचण आहे.

सेवनातील दक्षता : उपलब्ध पुराव्यावरून पुढील गोष्टी सांगता येतात. आत्मप्रतिरक्षित विकार (उदा., संधिवाताभ संधिशोथ, अवटुग्रंथीचा आत्मप्रतिरक्षित शोथ) असलेल्यांनी, कोणताही दीर्घकालीन यकृतविकार असलेल्यांनी आणि अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी गुळवेल टाळणे इष्ट आहे, शेवटच्या वर्गात तर रोपणासाठी जी क्रिया मुद्दाम दाबली जाते तिलाच ती चेतना देण्याचा संभव असतो. मधुमेहावरील औषधांबरोबर घेतल्यास रक्तातील साखर अपेक्षेपेक्षा अधिक उतरू शकते. गर्भवती व स्तनदा स्त्रियांसाठी सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नाही. इतरांनीही ती निश्चित विकारासाठी, जाणत्या वैद्याच्या सल्ल्याने व ठराविक मुदतीपुरतीच घ्यावी. ‘नैसर्गिक आहे, म्हणून अपाय नाही’ या समजुतीने महिनोन्महिने घेऊ नये. ओळख न पटलेल्या वेलीच्या कांड्या घरी उकळून पिणे धोक्याचे आहे. सेवनकाळात भूक मंदावणे, मळमळ, असाधारण थकवा, गडद लघवी, अंगाला खाज किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसल्यास औषध तत्काळ बंद करून यकृताच्या चाचण्या करून घ्याव्यात. अशा वेळी कावीळ उतरविण्यासाठी म्हणून गुळवेलच अधिक प्रमाणात घेण्याचा मोह विशेष घातक ठरतो. उरलेले औषध व बाटली फेकून न देता डॉक्टरांना दाखवावी. त्यावरून त्या रुग्णाचे निदान होण्यास मदत होते आणि पुढील रुग्णांसाठी नोंदही राहते.

[⟶ आयुर्वेद, औषधिकोश, कावीळ, यकृत, रोगप्रतिकारक्षमता, वनौषधी].